रविवारी संध्याकाळी सातला दिवा

सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी, म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता आपल्याला सोडून गेलेल्या आपल्या मुलांसाठी दिवा लावायचा आहे. मूल गमावलेल्या पालकांच्या 'द कम्पॅशनेट फ्रेंड्स' या संस्थेनं १९९७ साली अमेरिकेत ही प्रथा सुरू केली. जो तो आपापल्या गावच्या सातला दिवा लावतो, त्यामुळे हा उजेड चोवीस तास पृथ्वीभर फिरत राहतो. मेणबत्तीच हवी असं नाही. समई, निरांजन, पणती, काहीही चालेल.

सहाला माझ्याकडे जमू. मुलाची एखादी वस्तू आणा. गेल्या वर्षी एका ताईंनी लेकीची कंपासपेटी आणली होती. आत अर्धी झिजलेली पेन्सिल, टोकाला दातांच्या खुणा. कोणी काही बोललं नाही, पेटी हातोहात फिरली.

मुलाचं नाव मोठ्यानं घ्या. आपल्याला त्रास होईल म्हणून बाहेर लोक ते टाळतात. माझा तर आठ वर्षांनंतरही लेकाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला जीव आसुसतो. 'आता सावरा' हे मात्र इथे कोणी कोणाला म्हणायचं नाही.

नवीन आलेल्यांनी नुसतं बसलं तरी चालेल. रात्र फारच जड गेली तर मला फोन करा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, कोणत्याही वेळी.