‘कुठला हात?’ असं विचारणाऱ्या मुलीस

चि. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री २२ पानांचं भाषांतर पाठवलं आणि झोपताना ध्यानात आलं, दिवसभर मनगटाला पट्टी बांधलीच नव्हती. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुला विचारल्याशिवाय नाव घालत नाही.

गुजराती कागदपत्रांचं मराठी करणं हे माझं बडोद्यातलं रोजचं काम. माउसपायी उजवं मनगट गेलं म्हणून मी विम हा मजकूर लिहायचा प्रोग्राम धरला, त्यात सगळं कीबोर्डवर भागतं. पण विममधला मजकूर ईमेलमध्ये काही केल्या जाईना. इकडे वाय दाबून उचलावा, तिकडे चिकटवावा, तर भलतंच जुनं काहीतरी उमटायचं. बाहेरचा परिच्छेद आत आणला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून उजवीकडे सरकायची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. शेवटी पुन्हा माउस होताच.

तुझ्याआधी दोघांना दाखवलं. एकाने ५०० रुपये घेऊन अख्खा संगणक पुसून दिला, दुखणं तसंच. दुसरा म्हणाला, ‘‘काका, या वयात वर्ड वापरा.’’ दोघांनीही आल्या आल्या कीबोर्ड स्वतःकडे ओढला. पट्टीकडे कुणाचं लक्षच नाही.

तू बसलीस आणि आधी विचारलंस, ‘‘काका, कुठला हात?’’

मग तू उलगडून सांगितलंस: उचललेला मजकूर ठेवायचे विमचे कप्पे वेगळे आणि बाकी प्रोग्रामांचा क्लिपबोर्ड वेगळा, विममध्ये त्याची खूण अधिकचं चिन्ह. माझ्या विमला तो जोडच नव्हता. विमच्या सोयींच्या यादीत ‘क्लिपबोर्ड’च्या आधी वजा होतं, त्यावर तू बोट ठेवलंस. जोड असलेलं विम घातलंस आणि काम झालं. तिथेच उठली असतीस तरी मी तुझं नाव काढलं असतं.

पण क्लिपबोर्डात उचलायला दाबायचं अवतरणचिन्ह, अधिक, वाय, आणि या तिन्ही कळा उजव्या हाताकडच्या. हे मला नाही, तुला सुचलं. स्पेस-सी म्हणजे उचल, स्पेस-व्ही म्हणजे चिकटव, असं बसवलंस. मग स्वतःचा उजवा हात मांडीवर ओढणीखाली ठेवलास आणि नुसत्या डाव्याने चार-चारदा करून पाहिलंस. माझी बोटं सावकाश चालतात म्हणून दोन कळांमध्ये विम एक सेकंद थांबायचं, ते दोन केलंस. तो ओढणीखालचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घेऊन बघणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

विम उघडताना अधूनमधून युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी ओळ येते. विम लिहिणाऱ्या ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली तो प्रोग्राम लोकांना फुकट दिला आणि बदल्यात एवढंच मागितलं. २०२३मध्ये ते गेले. इतकी वर्षं ती ओळ मी नुसती ओलांडत होतो. परवा थांबून वाचली आणि यथाशक्ती पैसे पाठवले.

तू तर चहाशिवाय काही घेतलं नाहीस. शनिवारी मांडवीकडे जाणार आहे, लीलो चिवडा आणतो. नाही म्हणायचं नाही.

तुझा,
तळमजल्यावरचा काका
दांडिया बाजार, बडोदे