बाई, तुमच्या प्रश्नांसाठी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक पदावरून तुम्ही निवृत्त झालात, त्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणे यथासांग पार पडली. सांगायचे होते ते मात्र राहून गेले. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्याही ते कानी पडावे, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे काणाडोळा करतो, या प्रवृत्तीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिले, हे एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) वर्गात आम्ही सर्वांनीच पाठ केले होते. तरीही क्षयरोग कक्षात एखाद्याच्या केसपेपरवर ‘औषध सोडले, निष्काळजी’ असा शेरा दिसला की तो वाचणाऱ्याचे मत तिथेच ठरून जाई. तुम्ही मात्र शेरा वाचून झाला की खुर्ची ओढून रुग्णाशेजारी बसत असा.

नाक्यावर कामासाठी उभे राहणारे ते गृहस्थ मला अजून आठवतात. ‘औषध का सोडलंत?’ असे तुम्ही त्यांना विचारले नाही. ‘का’ म्हटले की माणूस स्वतःला आरोपी समजतो आणि कारणाऐवजी सबब सांगतो, असे तुम्ही नंतर आम्हाला समजावलेत. तुम्ही एवढेच म्हणालात, “दादा, गोळी घेतल्यापासून दिवसभरात काय काय होतं, ते सकाळपासून सांगा बघू.” त्यांनी चहा सांगितला, नाका सांगितला, मुकादम सांगितला आणि मग आवाज खाली आणून लघवी लाल होते, रक्त जाते, असे सांगितले. रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील औषधामुळे लघवीला नारिंगी-लालसर रंग येतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते. अंगातले रक्त जात आहे असे वाटत असताना गोळ्या बंद करणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणायचे तरी कसे?

त्याच शेऱ्याची एक नवी सून होती. सासरी आजार कळू नये म्हणून ती पाकिटे डाळीच्या डब्यात लपवत असे आणि नणंद माहेरी राहायला आल्यापासून तिला डबा उघडायची संधीच मिळत नव्हती. आणखी एकांचा खोकला दुसऱ्या महिन्यातच थांबला, वजन वाढले, मग सहा महिन्यांचा उपचार त्यांना उगाचच वाटू लागला. तिघांनाही एकच उपदेश करून वाटेला लावणे सोपे होते. प्रत्यक्षात पहिल्यांना एका वाक्याची माहिती पुरली, तिसऱ्यांना जंतू अजून शिल्लक कसे असतात ते नीट समजावावे लागले आणि त्या मुलीसाठी तिच्या संमतीने नवऱ्याला बोलावून घ्यावे लागले. हे सर्वांत अवघड होते.

शिकाऊ विद्यार्थ्यांना तुम्ही गडचिरोलीचे उदाहरण देत असा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुखणी गावात होतीच, त्यांची चौकशी कोणी केली नव्हती, असे सांगून तुम्ही लगेच बजावत असा की, ज्याने विचारले त्याच्यावर पुढच्या उपचाराची जबाबदारी येते, नुसती माहिती गोळा करून उठता येत नाही.

कुतूहलाला लगामही तुम्हीच घातलात. एका विद्यार्थिनीने रुग्ण मुलीच्या प्रेमप्रकरणाचा तपशील खोदून विचारायला सुरुवात केली, तेव्हा तिला बाजूला घेऊन तुम्ही विचारलेत, “या उत्तराचा तिला काय उपयोग आहे?” आजही एखादा प्रश्न तोंडावर आला की मी आधी हे तपासून पाहते आणि अनेकदा तो गिळून टाकते. (शेजाऱ्यांची खबर ठेवणारी माणसे या व्यवसायात उत्तम रमतील, असे काही नातेवाइकांना वाटते, त्यांनी हा परिच्छेद अवश्य वाचावा.)

माझ्यासोबत लागलेल्यांपैकी काही जण दोन-चार वर्षांतच कंटाळून दुसरीकडे गेले. त्यांचे मन कठोर होते असे मी म्हणणार नाही. उलट त्यांना कणव अधिक होती आणि तिनेच ते थकले. मी टिकले, कारण पुढच्या खाटेवरच्या माणसाची हकिगत वेगळी असणार हे तुमच्यामुळे मला पक्के ठाऊक झाले होते आणि ती ऐकण्याची उत्सुकता महिनाअखेरीच्या अहवालांच्या ढिगाऱ्यातही शाबूत राहिली.

आता फील्डवर्कला येणारी मुले माझ्याकडे असतात. रुग्णाचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत लिहायचे, खाली रेघ मारायची आणि आपले मत रेघेखाली लिहायचे, ही तुमची पद्धत मी त्यांना पहिल्याच दिवशी देते. तुमची ती प्रश्नांची निळी वही कपाटात जपून ठेवली आहे. तिच्या झेरॉक्स प्रती काढून मुलांना द्याव्यात, असा विचार आहे. आपली परवानगी असल्यास कळवावे.

आपली कृतज्ञ,
क्षयरोग कक्षातील आपली एक विद्यार्थिनी