बाळांच्या खोलीत जाऊ न दिल्याबद्दल

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण मी परतल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं, "परदेशात मिशनच्या अनाथालयात सेवेला जायचंय, तू गेली होतीस ना, कसं जमवलंस?" त्यांना मी जे सांगते ते मुळात तुमचंच असतं, म्हणून आभारही चारचौघांत मानते. संस्थेचं, गावाचं, देशाचंही नाव लिहीत नाही. मुलांची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही हा तुमचा नियम, आणि मी तिथून निघाले म्हणून तो सुटला असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात.

पहिले आभार तुमच्या पहिल्या उत्तराचे. "या, मुलं वाट बघताहेत" असं काहीतरी येईल असं वाटलं होतं. आली ती मागण्यांची यादी: पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, मला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं, किती काळ राहणार, कोणतं काम येतं. पर्यटक व्हिसावर सेवा करणं तिथल्या कायद्यात बसत नाही, योग्य व्हिसा मिळाला तरच निघा, हेही बजावलेलं. आणि शेवटी एक ओळ, "मुलांना खेळवायला माणसं आहेत. कागद लावता येतात का?" मी ग्रंथपाल. कागद लावण्यातच माझी नोकरी सरली.

बाळांच्या खोलीत पाहुण्यांनी जायचं नाही, हे तुम्ही दारातच सांगितलंत. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब येऊन मुलाला साधं कडेवर घ्यायचं नाही? मग तुम्ही बुखारेस्टचा अभ्यास समजावून सांगितलात. रोमानियातल्या अनाथालयांतली १३६ लहान मुलं, २००० साली सुरू झालेला प्रयोग. निम्म्यांना पालक-कुटुंबांत, म्हणजे परक्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं, बाकीच्यांची देखभाल आधीसारखीच संस्थेमार्फत चालू राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाशी नातं जोडणं, सगळंच सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वात जास्त. "बाळाला हात पुष्कळ मिळतात, तेच ते हात मिळत नाहीत," तुम्ही म्हणालात. म्हणून तुमच्याकडे एका बाळाला भरवणारी, न्हाऊ घालणारी मावशी ठरलेली. ती रजेवर गेली तर बदली कोण येणार हेसुद्धा ठरलेलं.

थोडी मोठी मुलं अंगणात कोणाही अनोळख्याच्या गळ्यात पडायची. देणगीदार भारावून म्हणायचे, किती मायाळू आहेत! तुमचा चेहरा मात्र तेव्हा पडलेला असायचा. जे मूल कोणाकडेही जातं, त्याला आपलं माणूस कोण हे कळायची सोय आपण ठेवलेली नाही, हे तुम्ही मला नंतर कचेरीत सांगितलंत. पाहुण्यांना तोंडावर सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्यांच्या देणग्यांवर स्वयंपाकघर चालत होतं, तेव्हा तुमची अडचणही समजते.

आता तुमच्या कचेरीतल्या फाइलींच्या कपाटाविषयी. खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

प्रत्येक मुलाची एक फाइल, आणि फाइलगणिक वेगळा गोंधळ. वडिलांच्या नावाची तीन तऱ्हेची स्पेलिंगं, जन्मदाखला गायब, पत्ता म्हणून नुसतं खेड्याचं नाव. "दाखल करण्याचं कारण" या रकान्यात मी मृत्यू शोधत होते. तिथे शाळेची फी होती, आईचं आजारपण होतं, वडील कामासाठी गेले ते परतले नाहीत असं होतं. बहुतेकांचं कोणी ना कोणी हयात होतं. मला धक्का बसला, तुम्हाला मुळीच नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेचा २००९ चा अहवाल तुम्ही पुढे सरकवलात: जगभर संस्थांत राहणाऱ्या मुलांपैकी पाचात किमान चारजणांची आई किंवा वडील, नाहीतर दोघंही, जिवंत आहेत. युनिसेफ अनाथांचा आकडा १४ कोटींच्या घरात सांगते (२०१५ चा), पण त्यात एक पालक गमावलेलं मूलही धरलेलं असतं. दोघंही गेलेली मुलं त्यात दीड कोटीच्या आसपास. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर या धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये अनाथांसाठी पहिलं घर उघडलं, तेव्हा आईवडील दोघंही वारलेले असणं ही त्याच्याकडे प्रवेशाची अटच होती. ती अट पुढे कधी आणि कशी विरली, हे कोणीतरी नीट लिहायला हवं.

पत्ते नसलेल्या या फाइलींना तुम्ही जी वाट दाखवलीत तिच्यासाठी माझा तुम्हाला दंडवत. कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही! मुलाचं नाव, जन्माची तारीख नि ठिकाण, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, बाप्तिस्मा कोणी आणि कुठे दिला, हे सगळं त्यात लिहिलंच पाहिजे असा चर्चचा कायदा. एवढंच नाही, तर त्या व्यक्तीचं पुढे लग्न झालं की त्याची नोंदही तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जाते, मग लग्न दुसऱ्या कोणत्या का पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, झालेलं असेना. इतकी वर्षं नोंदींशी माझा संबंध, पण इतकी शहाणी नोंदवही मी पाहिली नव्हती.

तुमच्या सांगण्यावरून मी पॅरिशना पत्रं लिहीत बसले. काहींची उत्तरं आली नाहीत, काही वह्या वाळवीने खाल्लेल्या. एका मुलीच्या फाइलमध्ये आईचं नुसतं नाव होतं. त्या आईची स्वतःची बाप्तिस्म्याची नोंद एका पॅरिशमध्ये सापडली, आणि कडेला तिच्या दुसऱ्या लग्नाची नोंद, ठिकाणासकट. तिथल्या फादरना बाई माहीत होत्या. मुलगी मिशनमध्ये शिकतेय एवढंच त्या बाईंना ठाऊक होतं, तिला परत मागता येतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही लगेच मुलीला गाडीत बसवून पाठवलं नाहीत, यासाठी वेगळे आभार. आधी समाजकार्यकर्ती त्या घरी जाऊन आली, सावत्र वडिलांशी बोलली, मग भेटी, मग सुट्टीतला मुक्काम. शाळेची फी संस्था भरत राहिली, फक्त आता मूल घरी होतं. या सगळ्याला किती वेळ लागतो, हे थोड्या दिवसांची सेवा करून जाणाऱ्याच्या कधी लक्षात येणार नाही.

मी ख्रिस्ती नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, प्रार्थनेला बसले तर जागा करून दिलीत, नाही बसले तर चहा ठेवलात. पण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन तुम्ही ज्या तऱ्हेने वाचता ते मी पुष्कळांना सांगते. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांची विचारपूस करावी, असं तिथे आहे. तुम्ही म्हणालात, "दोघांची नावं एकाच वाक्यात आहेत. आम्ही मुलाला आत घेतलं आणि आईला फाटकाबाहेर ठेवलं."

हे बोलणं तुमच्या सगळ्या देणगीदारांना रुचलं नाही. खाटा आणि गणवेश दिसतात, फोटोत येतात. खेड्यातल्या आईला दिलेलं शिलाई मशीन येत नाही. काहींनी हात आखडता घेतला तेव्हा तुम्ही रात्ररात्र हिशेब मांडत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. जगाचा कल तरी तुमच्या बाजूने वळतोय. रवांडाने २०१२ मध्ये अनाथालयं टप्प्याटप्प्याने बंद करायचं धोरण घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या आणि पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली. त्याने तुमचं महिन्याचं वाणसामान येत नाही, हे मलाही कळतं.

एका बाबतीत माझं तुमच्याशी पटलं नाही, आणि आभाराच्या पत्रातही ते लिहिते. ज्यांना परतायला घरच नाही, किंवा घरात मारहाण आहे, अशी मोठी मुलं तुमच्याकडे राहणारच. अठरा पूर्ण झाली की ती बाहेर पडतात. त्यांनाही पाहुण्यांशी पत्ते देऊघेऊ द्यायचे नाहीत, हा नियम बाळांसाठी योग्य, पण सतरा वर्षांच्या मुलाला जगात चार ओळखीची माणसं लागतात. अर्ज कसा भरायचा, खोली भाड्याने घेताना काय विचारायचं, हे त्याने कोणाला विचारावं? संस्थेच्या मार्फत, तुमच्या नजरेखाली का होईना, पत्रव्यवहार सुरू करा. पहिलं नाव माझं घाला.

जाता जाता कामाचं. ज्या पॅरिशकडून उत्तर आलं नाही त्यांची यादी कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या फाइलमध्ये आहे. ईस्टरनंतर पुन्हा एकदा लिहा, त्याआधी फादरना फुरसत नसते हे तुम्हीच सांगितलं होतंत. पुढचा कोणी सेवेकरी अक्षर बरं असलेला आला, तर त्याला आधी तिथेच बसवा. कुरकुरला तर माझं हे पत्र द्या वाचायला.

तुमची,
कपाटवाली