दगड झालेलं लाकूड, आणि मी पहार धरली ते

ती. अप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट सांगता येत नाही, एकतर तुमच्याकडे रेंज जाते आणि दुसरं म्हणजे मी बोलायला लागले की दादा मागून हसत बसतो, म्हणून टाइप करून पाठवतेय. वहिनी, तू वाचून दाखव, आणि दादाला मधे बोलू देऊ नको. आईचा गुडघा कसा आहे? तेल लावून होत नसेल तर दहिवडीला नको, साताऱ्याला दाखवा आता. कांद्याला काय भाव लागला तेही कळवा.

तर मागच्या कॉलवर जो दगड दाखवला, ज्यावर दादा म्हणाला की दगड बघायला अमेरिकेला कशाला जायला पाहिजे, आपल्या वावरात काय कमी आहेत, तो दगड आहे हे खरंच, पण आधी तो झाड होता. कॅमेऱ्यात दिसलं नसेल पण त्याच्यावर सालीच्या रेघा आहेत, एका कडेला वर्षाची वलयं आहेत, आणि हातात घेतला की लाकूड समजून उचलायला जातो आपण आणि वजनानं हात खाली जातो. इथं पेट्रिफाइड वूड म्हणतात त्याला. वॉशिंग्टन राज्यानं १९७५ साली त्याला राज्याचं रत्न म्हणून जाहीर केलंय, म्हणजे इथल्या लोकांना किती कौतुक ते बघा.

आईनं विचारलं होतं की असं कुणाच्याही डोंगरावर जाऊन खणता, पोलीस धरत नाहीत का. मलाही आधी तेच वाटलं होतं, कारण आपल्याकडं एक ब्रास मुरूम उचलायचा तर रॉयल्टीची पावती, तलाठी, तहसीलदार, आणि रात्री ट्रॅक्टर धरला तर दंड वेगळा. इथं केंद्र सरकारची एक जमीन असते, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणून खातं आहे, त्याच्याकडं साधारण साडेचोवीस कोटी एकर आहे, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीच्या वर. ती पब्लिकची जमीन. १९६२ साली कायदा झाला की हे दगडी लाकूड लोकांनी आपल्या हौसेपुरतं फुकट न्यावं. पण मोजून हं. एका माणसाला दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, म्हणजे अकरा-सव्वाअकरा किलो आणि एक नग, आणि वर्षभरात मिळून २५० पौंडाच्या वर नाही. चार जणांनी आपापला कोटा एकत्र करून त्याहून मोठा ओंडका उचलायचा म्हणाल तर तेही चालत नाही. व्यापाऱ्याला विकायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीन नाही. जेसीबी नाही, ट्रॅक्टर नाही, सुरुंग तर विचारूच नका. हातानं जेवढं होईल तेवढं. मला हा कायदा फार आवडला, खरंच, कारण मशीन सोडलं असतं तर पहिल्या पाच वर्षात डोंगर साफ झाला असता आणि माझ्यासारखीला एक चिपसुद्धा उरली नसती.

हे सगळीकडं चालतं असं मात्र नाही. ॲरिझोनात याच लाकडाचं मोठं नॅशनल पार्क आहे, तिथं चिमूटभर उचललं तरी गुन्हा. तिथून चोरून नेलेले दगड लोक नंतर माफीची चिठ्ठी लिहून पोस्टानं परत पाठवतात, आणि पाठवले तरी ते परत जागेवर ठेवता येत नाहीत कारण नेमके कुठले ते कुणाला माहीत, म्हणून त्यांचा वेगळा ढीगच घातलाय. म्हणून निघायच्या आधी नकाशा बघायचा, कुठली जमीन कुणाची. मी त्या जमिनीच्या खात्याच्या ऑफिसला फोन करून विचारलं, आमचे हे म्हणाले की तू पासपोर्टला एवढी चौकशी केली नव्हतीस.

जागा कुठली ते सांगते. आम्ही राहतो ती समुद्राकडची बाजू, पाऊस आणि हिरवंगार. मधे कॅस्केड्स नावाची डोंगररांग. ती ओलांडली की तासाभरात सगळं बदलतं, झाडं संपतात, पिवळं गवत आणि सेजब्रश नावाची राखाडी झुडपं. अप्पा, महाबळेश्वर आणि माण यांचं जे आहे ना, डोंगरानं पाऊस अडवायचा आणि पलीकडच्यांनी आभाळाकडं बघत बसायचं, डिट्टो तेच. पाऊस तर आपल्या माणच्याही निम्म्याहून कमी. पुढं कोलंबिया नदी लागते, व्हँटेज नावाचं गाव, आणि तिथून दक्षिणेला मट्टावा, त्या दोन्हींच्या मधे सॅडल माउंटन्स म्हणून आडवी टेकाडाची रांग आहे आणि नदी ती मधोमध कापून जाते. अडीचशे किलोमीटरच्या वर पडतं घरापासून. खाली मट्टाव्यात सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षं, पाणी नदीचं. राबणारी माणसं बरीचशी मेक्सिकोकडची, दुकानाच्या पाट्या स्पॅनिशमधे, आणि तिथं खाल्लेल्या टाकोची मिरची आपल्या ठेच्याच्या जवळपास गेली, पोरगं रडायचं बाकी होतं.

वर जायचा रस्ता कच्चा, उंच गाडी पाहिजे, दगड खालून लागतात. वर झाड नाही, पाणी नाही, सावली नाही, वारा मात्र असा की टोपी टिकत नाही. मे महिना होता म्हणून पिवळी फुलं सगळीकडं होती आणि त्यात रॅटलस्नेकसुद्धा असतात. आई घाबरू नको, दिसला नाही एकपण. दगड उचलायच्या आधी काठीनं हलवायचा आणि बोटं फटीत घालायची नाहीत, हे तू आम्हाला जळणाच्या ढिगाजवळ जेवढ्या वेळा सांगितलंस तेवढं इथं कुणी सांगितलं नसेल.

आम्ही दगड गोळा करणाऱ्या एका ग्रुपबरोबर गेलो होतो, बहुतेक सगळी रिटायर माणसं. त्यात एक बाई होत्या सत्तरीच्या, स्कूल बस चालवायच्या आधी, गुडघ्याला पॅड बांधलेले आणि बोलायला एकदम तुसड्या. मला वाटलं कुठंही खणायचं आणि नशीब बघायचं. त्या म्हणाल्या आधी उतारावर बघत चाल. घरंगळून खाली आलेल्या चिपा असतात, पांढुरक्या, तपकिरी, पातळ, त्या जिथं जास्त दिसतात तिथून सरळ वर चढायचं, आणि जिथं दिसायच्या बंद होतात त्याच्या जरा खाली थर असतो. तो थर बघितला आणि अप्पा, मी तिथंच तुम्हाला फोन लावायला काढला, रेंज नव्हती. वर काळवत्री, म्हणजे आपला काळा पाषाण, खाली काळवत्री, आणि मधे मऊ, राखेची आणि वाळूची माती. आपल्या विहिरीत नाही का, वरचा मुरूम संपला की काळा पाषाण, मग मांजऱ्या, तो ठिपक्यांचा मऊसर दगड, मग तो गेरूचा तांबडा थर आणि तिथनं पाणी झिरपायचं, परत काळा. तसंच. कारण इथंही लाव्हाच आहे. एकदा लाव्हा यायचा, थंड व्हायचा, मग हजारो वर्षं शांतता, तेवढ्यात वर माती व्हायची, तळी व्हायची, जंगल वाढायचं, आणि मग परत लाव्हा. आपला दख्खनचा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, इथला त्यामानानं कालचा, लाकडाचा थर साधारण दीड कोटी वर्षांचा, आणि पसारा दोन लाखाच्या आसपास. म्हणजे दगडाच्या बाबतीत आपण थोरले आहोत, दादाला सांगा.

मग झाड जळलं कसं नाही, हा दादाचा प्रश्न होता आणि प्रश्न बरोबर आहे. झाडं पाण्यात होती. तळ्यात वाहत आलेले ओंडके पाणी पिऊन तळाला बसले, गाळात रुतले, आणि वरून लाव्हा आला तो त्या पाण्यात आणि चिखलात शिरून गार झाला. हवा नाही तर आग नाही, कुजणंही नाही. मग राखेतली सिलिका, म्हणजे ज्याची गारगोटी होते तेच, पाण्यात विरघळून लाकडाच्या एकेका पेशीत जाऊन बसली. लाकूड गेलं आणि आकार राहिला. म्हणून वलयं मोजता येतात. व्हँटेजला याचं स्टेट पार्क आहे, गिंको नावाच्या झाडाचं, तिथं म्युझियम बघितलं. १९३० च्या आसपास हायवेचं काम चालू असताना लाकूड उघडं पडलं आणि जवळच्या एलन्सबर्गच्या कॉलेजमधले जॉर्ज बेक म्हणून जिऑलॉजीचे प्राध्यापक होते, ते पोरांना घेऊन तिथं खणायला लागले, त्यात हे गिंको निघालं. त्याचं जंगली झाड अमेरिकेतून कधीच संपलंय, चीनमधे तेवढं टिकलं. ओक, एल्म, मेपल पण आहेत. आज तिथं सावलीला झुडूप मिळत नाही आणि तेव्हा मेपल आणि दलदल! त्या पार्कात काही उचलायचं नाही हे सांगायला नको. तिथले मूळचे रहिवासी, वानापम लोक, त्यांनी मात्र पूर्वी याच दगडाची बाणाची टोकं केलेली आहेत.

आता खणायचं. विहिरीच्या कामावर तुम्ही मला कधी खाली उतरू दिलं नाहीत, डबा पण वरूनच दोरीला बांधून सोडायचा, आणि पहार तर दादाच्या हातात. इथं माझ्या हातात पहार आली आणि पहिला अर्धा तास मी जीव काढला, आणि त्या बाई बघत होत्या, मग म्हणाल्या तू खाली मारतेस, बाजूनं खण. लाकडावर कधीच मारायचं नाही. आधी टिकावानं वरची माती ओढायची, मग खुरपं, मग स्क्रूड्रायव्हर, मग ब्रश. आवाजावर लक्ष ठेवायचं. मातीत लोखंड गेलं तर आवाज दबका, बसाल्टला, म्हणजे त्या काळवत्रीला, लागलं तर ठक्क, आणि लाकडाला लागलं की काचेची बरणी वाजल्यागत किणकिण. तो आवाज आला की हातातलं सगळं खाली ठेवायचं आणि बोटांनी काम करायचं. मला तो ऐकू आला तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि आमचे हे सँडविच खात बसले होते, मी ओरडले तर त्यांना वाटलं साप.

बाहेर काढायला मग दोन तास गेले. निघालं काय तर मनगटापेक्षा जाड आणि हातभर लांब, तेही तीन तुकड्यात, आधीच फुटलेलं, जमिनीत दाबानं फुटतं म्हणे. कडा इतक्या धारदार की ग्लोव्हजमधून बोट कापलं. वरून पांढरं, खडूसारखं, काही विशेष नाही. बाईंनी पाण्याचा स्प्रे मारला आणि आत एकदम मधासारखा रंग, तपकिरी रेघा, आणि एक गाठ, फांदी फुटते ना तिथली गाठ, दीड कोटी वर्षं तशीच. पोरगं तोवर कंटाळून गाडीत झोपलं होतं, त्याला उठवून दाखवलं तर म्हणतं हे विकलं तर किती येतील. बरोबर आजोबांवर गेलंय.

एक गोष्ट मात्र आवडली नाही ती लिहिते. डोंगरात कितीतरी खड्डे तसेच सोडलेले आहेत आणि काही लोकांनी थराच्या मागं लागून वरच्या कातळाखाली आडवी बिळं खणलीत. वर दोन-तीन टन बसाल्ट लटकतोय आणि खाली माणूस पोटावर झोपून खणतोय. अप्पा, तुम्ही बघितलं असतं तर त्याला पाय धरून बाहेर ओढलं असतं. कडा ढासळून माणूस गाडला जातो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या बाई स्वतःचा खड्डा बुजवून, वर दगड पसरून मगच उठल्या, आणि शेजारचा दुसऱ्या कुणाचा होता तोही बुजवला, शिव्या घालत.

वजन केलं तर २५ पौंडाच्या आतच भरलं, म्हणजे मला अजून एक नग उचलायची परवानगी होती. पण उचलायला अंगात काय राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमधे माउस धरता येईना.

दगड कापून पॉलिश करायचा तर डायमंडची करवत लागते, ग्रुपमधल्या एकाकडं आहे, त्यांच्याकडं गाठ आहे तो तुकडा दिलाय. झाला की फोटो पाठवते. आपल्याकडंही असं लाकूड आहे बरं का, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला फॉसिल पार्क आहे, तिथं दगड झालेली झाडंही आहेत आणि डायनासोरची हाडंही. डिसेंबरमधे आलो की एवढ्या लांब जाणं होईल असं वाटत नाही, पण सिन्नरचं गारगोटी म्युझियम तरी बघून येऊ, तिथलं बरंचसं दख्खनच्याच दगडातनं निघालेलं आहे, अप्पांना आवडेल.

दादा, एक काम कर. पावसाच्या आधी विहिरीचं पाणी तळाला गेलं की उतरून त्या गेरूच्या थराचे फोटो काढ, जवळून, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे जाडी कळेल. ग्रुपमधल्या बाईंना दाखवायचेत, मी सांगितलं तर त्यांना खरं वाटेना की आम्ही ५० फुटाची विहीर खणलेली आहे आणि त्यात कुणी कधी लाकूड शोधलंच नाही, सगळे पाणीच शोधत होते. एकटा उतरू नको, वर कुणीतरी पाहिजे. आणि वहिनी, काळा मसाला संपत आलाय, शेजारच्या काकूंचा मुलगा ऑगस्टमधे येणार आहे ना, त्याच्याबरोबर अर्धा किलो दे.

आईला आणि अप्पांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
ताई