डे-स्कॉलरला रात्रीपुरती एक खाट द्या

संपादकसाहेब, नमस्कार.

एमबीएला गोव्याची मुलं बाहेरच्यांत मिसळत नाहीत, घरकोंबडी आहेत, असं हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी ऐकते म्हणून लिहितेय. मी डे-स्कॉलर, म्हणजे हॉस्टेलला न राहता डिचोलीहून येऊन-जाऊन करते, आता सेकंड इयर.

आमच्या बॅचला बिहार, केरळ, पंजाब, मणिपूर, सगळीकडची मुलं, त्यात निम्मे इंजिनिअर. पहिल्या आठवड्यात जो-तो आपल्या भाषेवाल्यांत बसला, आम्हीसुद्धा, खोटं कशाला बोलू. फ्रेशर्स पार्टीतही तेच, फक्त कपडे चांगले. मग कॉलेजने रोल नंबरप्रमाणे स्टडी ग्रुप पाडले आणि मला चार अनोळखी लोक चिकटले. मी बीकॉम, त्यांना डेबिट-क्रेडिट कळेना, मला स्टॅटिस्टिक्समधलं रिग्रेशन कळेना, क्विझच्या आदल्या दिवशी एकमेकांना शिकवता शिकवता भांडलो आणि दोस्ती झाली ती तिथेच.

चवथीला चौघेही घरी आले. गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखाली उभे राहून केरळवाला सुपाऱ्यांचे घोस बघत बसला, नि बिहारची मुलगी नेवरी, म्हणजे करंजी, हातात घेऊन म्हणाली ही तर आमची पेडकिया, आई तीजेला करते! तीज म्हणजे आपली हरतालिका, चवथीचा आदला दिवस. आईने तिला डबा भरून दिला, मला नाही.

पण ग्रुप मीटिंग लागते रात्री साडेदहाला. दिवसा क्लास, असाइनमेंट, क्लब, दुसरा वेळच नसतो कोणाला. पुढे मॅगी, गप्पा, समर्सच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या, इंटरव्ह्यूत कोणाला काय विचारलं, सगळं हॉस्टेलच्या जिन्यावर. आणि मला तर आमच्या बाजूला नऊनंतर कदंब, म्हणजे सरकारी बस, कधी मिळालेली नाही! मी व्हिडिओ कॉलवर असते, पावसात नेट गेलं की तेही नाही. सकाळी क्लासमध्ये ज्या जोकवर सगळे हसतात तो रात्री दोनला झालेला असतो, कोणी समजावून सांगितला तरी हसू येत नाही.

आमच्या कॉलेजला दोनदा अर्ज दिला, उत्तर आलं की हॉस्टेल बाहेरगावच्यांसाठी. पूर्ण रूम कोण मागतंय? मुलींना एक खोली, मुलांना एक, चार-चार खाटा, आठवड्यातून दोन रात्री, पैसे आम्ही भरू. गोव्यातल्या बाकी कॉलेजांत अशी सोय असेल तर कोणीतरी या सदरात कळवावं, तिसऱ्या अर्जाला कात्रण जोडता येईल.

— एक डे-स्कॉलर, डिचोली