आई-बाबा, राजीनामा दिला आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही 'बरं' म्हणून फोन आईकडे दिला असतात आणि आईने जेवलीस का विचारलं असतं. म्हणून लिहिते. मी राजीनामा दिला आहे. एक तारखेपासून ते अवकाशाच्या सिम्युलेटरचं, म्हणजे ग्रह-यानं कशी फिरतात ते संगणकावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं काम पूर्ण वेळ करणार. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, पण रात्रभर जागला असतात.

पैशांचं आधी सांगते. पगार कमी आहे, पण ठरलेला आहे. वर्षभराचं घरभाडं बाजूला काढून ठेवलंय. तुमच्या खात्यावर पाच तारखेला जातात ते तसेच जातील. कर्वेनगरचं घर तेच, डबा त्याच मावशींचा, कामाची जागा चालत जाण्यासारखी, म्हणजे हिंजवडीच्या बसमधून सुटका. आई, मी आता नाश्ता बसून करणार आहे. आणि मामाचं झालं तसं काही होणार नाही. मी कुणाला जामीन नाही, कुठे पैसे घातलेले नाहीत.

बाबा, गणपतीत तुम्ही विचारलंत, "खेळच ना तो?" दिसतो खेळासारखाच. माउस फिरवला की शनी जवळ येतो. पण आत तुम्ही फळ्यावर शिकवायचात तेच आहे, आणि अंकांना तितकीच कडक शिस्त लागते. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर. ही संख्या संगणकात ३२ बिटांची दशांश संख्या (फ्लोट) म्हणून साठवली तर साधारण सातच अंक भरवशाचे राहतात. तिथे दोन शेजारच्या संख्यांत १६ किलोमीटरचं अंतर पडतं. मग पृथ्वीजवळचं यान पडद्यावर थरथरतं, दर चित्राला एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतं. उपाय असा की गणित सगळं ६४ बिटांत करायचं, आणि ग्राफिक्स कार्डाकडे पाठवण्याआधी प्रत्येक स्थानातून कॅमेऱ्याचं स्थान वजा करायचं. जवळच्या वस्तूंचे आकडे लहान झाले की थरथर थांबते.

दुसरी अडचण वेळेच्या टप्प्याची, म्हणजे संगणक एका उडीत काळ किती पुढे नेतो त्याची. सगळ्यात सोपी पद्धत, म्हणजे आत्ताचा वेग घे, टप्प्याने गुण, पुढे सरक; तिने ऊर्जा दर फेरीला थोडी वाढते आणि ग्रह मळसूत्रासारखा बाहेर जात राहतो. लीपफ्रॉग पद्धतीत वेग अर्ध्या टप्प्यावर काढतात, त्यात ऊर्जा थोडी वर-खाली होते पण वाहवत जात नाही. टप्पा मात्र तरीही लहानच लागतो. गुरूचा चंद्र आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो. एक दिवसाचा टप्पा दिला तर तो गुरूला सोडून निघून जातो. १३ एप्रिल २०२९ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. तो सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास पळत असेल, म्हणजे तासाचा टप्पा ठेवला तर एका उडीत २५,००० किलोमीटर. नेमका जवळचा क्षण त्या उडीत गडप होणार. म्हणून जवळ येताना टप्पा आपोआप मिनिटावर, मग सेकंदांवर उतरवावा लागतो. शिवाय पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षाच बदलणार, तेव्हा आजचे कक्षेचे आकडे त्यानंतर चालत नाहीत. प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या तारखेची आहे हे लिहिण्याचा माझा हट्ट असतो, तो यासाठी.

माझ्याकडे दुसरं काम बातम्यांचं. आकाशात काही नवं घडलं की वापरणाऱ्यांना छोटी टीप जाते आणि तिच्यासोबत ते दृश्य उघडणारी फाइल. तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर 'मुंबईवर लघुग्रह पडणार' असं फिरत होतं ना, तो २०२४ वायआर४. सापडला २७ डिसेंबर २०२४ला, आकाराने साठेक मीटर, धडकेची संभाव्य तारीख २२ डिसेंबर २०३२. शक्यता आधी एक टक्का होती, फेब्रुवारीत ३.१ झाली आणि आठवड्याभरात जवळजवळ शून्य. लोकांना वाटलं, लपवाछपवी आहे. खरं कारण साधं आहे. थोड्याच दिवसांच्या वेधांवरून, म्हणजे दुर्बिणीतून घेतलेल्या नोंदींवरून, २०३२मधली त्याची जागा एक लांबलचक पट्टी म्हणूनच सांगता येते. नवे वेध आले की पट्टी आखडते, पण पृथ्वीची रुंदी तेवढीच राहते. पृथ्वी पट्टीच्या आत आहे तोवर तिचा वाटा वाढणारच. पट्टीचं टोक पृथ्वीच्या अलीकडे आलं की सगळं संपतं. हे वाक्यात कुणाला पटत नाही. त्याच लघुग्रहाच्या वेधांतल्या चुकीच्या मर्यादेत किंचित वेगळ्या हजार प्रती करून २०३२पर्यंत सोडल्या की पडद्यावर लगेच कळतं. मला हे काम करायचंय, बाबा. कुणीतरी घाबरलेलं असताना त्याला बरोबर आकडा दाखवायचा.

तो ३आय अ‍ॅटलास धूमकेतूही असाच. १ जुलै २०२५ला चिलीतून सापडला, सूर्यमालेबाहेरचा. त्याची विकेंद्रता, म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती वेगळी आहे तो आकडा, सहाच्या आसपास. लंबवर्तुळाचं सूत्र लावलं तर वर्गमुळात ऋण संख्या येते आणि धूमकेतू पडद्यावरून गायब. तिथे अपास्ताचं, म्हणजे परत न वळणाऱ्या उघड्या वक्राचं, सूत्र लागतं आणि अर्धअक्षाऐवजी उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचं सगळ्यात कमी अंतर, देणं सोयीचं पडतं. याला 'परग्रहवासीयांचं यान' म्हणणारं काही आलं तर पुढे पाठवू नका.

आता कंपनीच्या विम्याचं. त्यात तुम्ही दोघं होतात, तो महिनाअखेरीला संपेल. आई, तुझ्यासाठी त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घ्यायचा अर्ज आधीच केलाय. बाबांना सत्तर पूर्ण आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांचं, उत्पन्नाची अट नाही. मी रविवारी येते आणि ते काढून देते. स्वारगेटहून वाई, पहिलीच एसटी. तोवर बाबा, गुडघ्यासाठी ते कुणी सुचवलेलं चूर्ण बंद म्हणजे बंद. आई, बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून बस. जिना चढून आल्या आल्या मोजलेलं मला कळवू नकोस. गोळी संपायच्या आठवडाभर आधी आणायची.

आणि रागावला असाल तर रविवारी रागवा, आत्ता नको. आई, मऊ भात कर फक्त, मेतकूट घालून. बाकी काही मांडू नकोस. मला तुझ्याजवळ नुसतं पडून राहायचंय.

२ ऑगस्ट २०२७ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास. बाबा, कपाटावरचा तो जुना एक्स-रे आत्ताच टाकून द्या. त्यातून आणि काजळी धरलेल्या काचेतून डोळ्यांना न दिसणारे किरण आत येतात, आणि तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. प्रमाणित चष्मे मी आणते.

तुमची,
छोटी

ता. क. : कार्डासाठी ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, म्हणजे बाबांच्या जुन्या सिमवर. त्याचं रिचार्ज शनिवारपर्यंत करून ठेवा.