बाबांना जागं करायला मीच सांगितलं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आई, निघताना तू डबा हातात दिलास खरं, पण बोलली काहीच नाहीस. सांगते आता. बाबा न्यूमोनियानं आयसीयूत व्हेंटिलेटरवर, श्वासाच्या मशीनवर होते, तेव्हा पाचव्या दिवशी सकाळी त्यांचं गुंगीचं औषध थांबवायला मीच हो म्हटलं. तू काचेपाशी हात जोडून म्हणत होतीस, "झोपू देत की गं त्यांना." तुला न विचारता मी डॉक्टरांना होकार दिला. नंतर बाबांची तडफड तू बघितलीस, ती माझ्यामुळे.

आई, ती झोप नव्हेच. बारा वर्षं आयसीयूत काम करत काढलीत मी. चेहरा शांत दिसतो, पण त्या औषधाखाली मेंदू भरकटत जातो आणि छातीचे स्नायू मशीनच्या भरवशावर ढिले पडतात. 2000 साली शिकागोत 128 रुग्णांचा अभ्यास झाला. रोज गुंगी थांबवून जागं केलेल्यांपैकी निम्म्यांची व्हेंटिलेटरवरून सुटका साधारण पाच दिवसांत झाली, ज्यांना असं रोज जागं केलं नाही त्यांच्यात तिथवर पोचायला सातच्या वर दिवस लागले. दोन दिवस, आई. बाबांचे ते दोन दिवस मला हवे होते.

आणि दुखणं त्यांना सोसायला लावलं नाही गं. गुंगी काढली, वेदनेचं औषध चालूच होतं. तोंडात नळी, बोलणार कसे? म्हणून कपाळाची आठी, आवळलेल्या मुठी, मशीनशी चाललेली झटापट बघून डोस ठरवतात. कुशीवर वळवताना आठी पडली तसा डोस वाढवला, मी शेजारीच उभी होते.

बाबा, आता तुम्ही. त्या सिस्टरचा विषय निघाला की मान खाली घालता. नळी काढल्यावर दोन रात्री तुम्हाला वाटत होतं, 1986 चं बेळगावातलं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन चाललंय आणि ती पोलिसांकडची आहे. सलाईन ओढलंत, तिला नको ते बोललात. गावात "वात झाला" म्हणतात ना, तेच हे. न्यूमोनिया, औषधं, रात्रंदिवस दिवे, झोपेचा पत्ता नाही. किडनीवर ताण येतो तसा मेंदूवर आला. वेड नव्हे, तुमचा स्वभावही नव्हे.

तिला मराठी धड येत नव्हतं. आईकडून दोन वाक्यं तिनं कन्नड अक्षरात लिहून घेतली आणि दर दोन तासांनी वाचायची, "काका, तुम्ही दवाखान्यात आहात. आज मंगळवार." आईच्या पिशवीतनं कानाचं मशीन शोधून लावलं, चष्मा घातला. मग तुमचं लक्ष टिकतंय का ते बघायला अक्षरं म्हणायची आणि 'अ' आला की हात दाबायला सांगायची. पहिल्या दिवशी प्रत्येक अक्षराला दाबलात. तिसऱ्या दिवशी फक्त 'अ' ला. पाटीवर माझा हात धरून तुम्ही 'अ' गिरवून घ्यायचात, ते आठवलं आणि मी बाहेर जाऊन रडले.

आता ऐका दोघंही. मेडिकलमधून झोपेची गोळी आणायची नाही, शेजाऱ्यांनी दिली तरी नाही. सकाळी खिडक्या उघडा, उन्हात बसा, दुपारी अर्ध्या तासावर झोप नको. संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालायचं, दम लागला की कट्ट्यावर बसायचं. पेजेबरोबर अंडं रोज. रात्री घाबरून उठलात तर आईनं दिवा लावून कुठं आहात ते सांगायचं, एवढंच, वाद नको. नावं विसरतील, शब्द अडतील, काही महिने असं चालतं. पण ताप येऊन पुन्हा बरळायला लागले तर सकाळची वाट बघायची नाही, दादाला उठवायचं. स्कूटरची किल्ली त्याच्याकडेच राहू दे, बाबा. कायमची नाही, तुमची नजर आणि पाय भक्कम होईपर्यंत.

आई, तूही दुपारी आडवी हो. तुझे पाय सुजलेले मी बघितलेत.

फेरतपासणीला मी येते. सिस्टरना भेटायचं म्हणताय ना, माफी मागू नका. कुंद्याची मिठाई घेऊन जाऊ आणि तुम्ही फक्त त्यांचा हात एकदा दाबा, त्यांना कळेल.

तुमची,
माई